बुधवारी घातलेला पांढरा शर्ट

आप्पा, तुमचं ते रविवार-रविवार इथं चालत नाय. इथं गुजरातेत, टाइल्सच्या कारखान्यात, आमच्या खात्याला सुट्टी बुधवारी असते. रविवारी मी भट्टीपुढं उभा, डोक्यापासून पायापर्यंत मातीच्या पावडरीनं भरलेला. तुम्ही असता तर म्हणाला असता, सुट्टी कधी का असंना, पांढरं घाल. पण बुधवारी कोणत्या विहारात जाऊ, सांगा.

माझा राग जुनाच आहे. शनिवारी तुम्ही बादलीत नीळ टाकायचे, आईला हात लावू द्यायचे नाय. सकाळी तांब्यात निखारे भरून शर्टावर फिरवायचे आणि मी कॉलर ताणून धरायची. मग आपण तिघं जुन्या मोंढ्याच्या बाजारातून विहाराकडं निघायचो. तुम्ही असे पुढं चालायचे, जणू त्याच रस्त्यावर सहा दिवस पोती वाहणारा माणूस दुसराच कुणी. त्या रविवारी आडतवाल्या शेठनं दुकानातून हाक मारली. ट्रक उभा आहे, उतरवून दे, शंभर रुपये रोख. तुम्ही थांबलात. मी खूश, कारण येताना भजी मिळणार. तुम्ही म्हणता, "आज नाय, शेठ." शेठ हसतो, "आज नवरदेव झाला काय रे? शर्ट काढून ठेव, बनियनवर कर." तुम्ही म्हणता, "उद्या सगळ्यात आधी मीच येतो. आज विहारात निघालोय." आणि चालायला लागता. मी वंदनेला पण तोंड फुगवून बसलो. आई कानात म्हणाली, "बापावर गेलास. नाक लई मोठं." घरी येऊन मी तुम्हाला नको ते बोललो. शर्ट धुता आला असता, शंभर रुपये कुठनं आणणार आता? तुम्ही शर्ट काढून खुंटीला लावलात, बाह्या सारख्या केल्यात.

इथं सुट्टीच्या दिवशी कामावर गेलं की सहाशे रुपये जादा मिळतात. घरावरचे पत्रे गळतात, ते बदलायचेत, म्हणून मी आल्यापासून एकही बुधवार सोडला नव्हता. परवाच्या बुधवारी सुपरवायझर खोलीच्या दारात आला, "चल भाई, गाडी भरनी है." मी म्हणालो, "आज नहीं, साहेब." का म्हणालो ते मलाच कळलं नाय. मग शर्ट धुतला, वाळवला, शेजारच्या खोलीतली इस्त्री मागून आणली. घालून बसलो तर जायला जागाच नाय. खोलीतला बिहारी पोरगा म्हणतो, "किसकी शादी है, भाई?" चौकात चहा पिऊन आलो आणि आईला व्हिडिओ कॉल लावला.

"कुठं निघालास रं एवढा नटून?"

"कुठंच नाय. आज आमचा रविवार हाय."

आईनं फोन डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाली, "कॉलर नीट कर. डावीकडनं उठलीय. त्यांची पण तिकडनंच उठायची."

तुमचं पटलं, असं मी म्हणत नाय. पत्र्यांचं काम अजून लांबलं, हे खरंच आहे. आईला सांगितलंय की ह्या महिन्यात खाडा पडला, पैसे कापले. तुमच्याशी खोटं बोलून काय करू, हे पत्र कुठं टाकायचंच नाय. दर महिन्याला पाच हजार जातात. ह्यावेळी चार हजार चारशे पाठवतोय.