म्हातारी अस्वलीण

प्रिय सौ. हिस, तुला आणि धाकटीला अनेक आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे, दोन वेळ पोटभर जेवतो. तुझा गुडघा कसा आहे? पाण्याची कळशी जिन्यावर चढवू नकोस.

आमची प्राणिबाग अखेर बंद झाली. नव्वद वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याने दोन माकडं पाळून ती सुरू केली होती. पुढे हत्ती आला, वाघ आले, तिकिटाला रांगा लागू लागल्या. मग एका पुरात निम्मी जनावरं पिंजऱ्यातच बुडाली, आणि उतरती कळा लागली ती लागलीच.

उरलेली जनावरं दुसऱ्या बागांनी नेली. आमची म्हातारी अस्वलीण मात्र कुणालाच नको होती. तिचे डोळे गेलेले, पाय ओढत चालायची. काल डॉक्टर तिला कायमचं झोपवायचं इंजेक्शन घेऊन आले, तर ती पार आत कोपऱ्यात जाऊन बसली.

"तुम्ही हाक मारा, तुमच्या आवाजाला येईल."

"साहेब, एवढं सोडून काहीही सांगा."

"मग लांबून बंदुकीने सुई मारावी लागेल. फार घाबरेल ती."

मी हाक मारली. ती पाय ओढत आली आणि गजांतून माझा हात हुंगत उभी राहिली. सुई टोचली तरी हलली नाही. ती आडवी होईपर्यंत मी तिचं डोकं खाजवत होतो.

धाकटी विचारेल. तिला सांग, म्हातारीला चांगली जागा मिळाली. मीही तेच सांगेन. तू मात्र शनिवारी मी आल्यावर काही विचारू नकोस. तुझ्यासमोर तोंडाने सांगता येणार नाही, म्हणून लिहून टाकलं.

तुझाच