चाकोबाची अंघोळ

बौद्धवाडी, पोलादपूर
ता. १६ एप्रिल १९८१

सौ. गीतास,

सप्रेम जय भीम. सोमाभाऊंना आणि मंजुळावहिनींनाही जय भीम. इकडे सर्व ठीक. तिकडेही ठीकच असणार, भावाच्या घरी बसलेल्या बहिणीला काय धाड भरते?

सोमाभाऊ, गीताला वाचता येत नाही, म्हणजे हे पत्र तुम्हीच वाचून दाखवणार. तुम्ही जलशात गाजलेले. मागं माझं साधं खुशालीचं पत्र तुम्ही असं काही वाचलंत म्हणे, की अख्खी चाळ जिन्यात जमली. म्हणून खाजगी काही लिहीत नाही. बायकोला लिहायचं मी आणि माना डोलवायच्या शेजाऱ्यांनी, हे मला झेपणार नाही.

तर गीता, मी मजेत आहे. जेवण माझं मीच करतो. भात जरा करपतो, पण करपलेल्या भाताला खमंग चव असते, हे तू इतकी वर्षं माझ्यापासून लपवलंस. जयंतीला विहारात सगळ्या बायका विचारत होत्या, गीताबाई कुठं? मी सांगितलं, हवापालटाला गेली. मुंबईला हवापालटाला! पण कुणी हसलं नाही. माणसं चांगली आहेत आपली.

जाताना तू म्हणालीस, 'स्वयंपाकघरात एक तर ही लेथ राहील, नायतर मी.' कातकामाची ती लेथ अजून तिथंच आहे, कारण तिला हलवायला चार गडी लागतात आणि तू आपल्या पायांनी गेलीस. तुझी भांड्यांची मांडणी मोडून मी लेथला बैठक केली, हा तुझा राग. अगं, सागवान होतं ते! भांड्यांना कशाला हवं सागवान? बरं, राहू दे, सोमाभाऊ हे मोठ्यानं वाचतील. भांडी जमिनीवर सुखरूप आहेत. मांजर त्यांच्यातून फिरतं, तेवढाच घरात आवाज.

आता खरी बातमी. उमरठच्या पलीकडं एका वाडीला मुंबईच्या कुणा शेटची लाकडाची वखार होती. ती बंद पडली, शेटही वारला. त्याच्या मुलाला आता शेड मोकळी करायची आहे. म्हणाला, 'आत एक जुनं मशीन आहे. भंगारवाला यायच्या आत न्यायचं तर न्या.' मी धावत गेलो.

गीता, दार उघडलं आणि समोर काय! पट्ट्याची करवत! माणसापेक्षा उंच, बिडाची, विलायती. वर एक मोठं चाक, खाली एक मोठं चाक, आणि दोन्हींवरून फिरणारं करवतीचं पातं. पातं कधीच तुटून गेलेलं, पण बाकी सगळी शाबूत. रेल्वेच्या कारखान्यात मी असल्याच करवतीवर उभा राहून केस पांढरे केले. फक्त आमच्या करवतीला कुणी शेंदूर फासला नव्हता. हिला बोट बोट जाड शेंदूर. गळ्यात हार, पायाशी नारळाच्या करवंट्यांचा ढीग.

मी हात लावणार, तोच मागून आवाज आला, 'आरं आरं, चाकोबा हाय तो!' तो गावकार रावजी. त्याच्याबरोबर रखमा नावाची एक म्हातारी, तिनं तर मला विळाच दाखवला.

झालं असं होतं, की वखार चालू असताना कामगार दसऱ्याला करवतीची पूजा करायचे, जशी सगळे हत्यारांची करतात. वखार बंद पडली, कामगार गेले, पण वाडीनं पूजा काही सोडली नाही. मग रखमाची हरवलेली म्हैस इथं नवस बोलल्यावर परत आली. झालं! हत्याराचा देव झाला.

रावजी म्हणतो, 'शेटचं कागूद आमाला नको दावू. कौल लाव. देव हो म्हनला तर ने.' मी म्हटलं, 'मी बौद्ध माणूस. करवतीला विचारत बसणार नाही, की बाई, येतेस का माझ्या घरी. आजवर मी कुणालाच असं विचारलेलं नाही.'

असो. तिकडं किती राहायचं ते तुझं तू ठरव. मी काही म्हणत नाही.

श्रीपत


बौद्धवाडी, पोलादपूर
ता. ६ मे १९८१

सौ. गीतास,

जय भीम. तुझं उत्तर नाही, तरी लिहितो. वहिनींचं कार्ड आलं. माझ्या पत्राला चाळीत मोठी गर्दी झाली आणि 'पुढं काय झालं' म्हणून लोक सोमाभाऊंना जिन्यात अडवतात, असं कळलं. तू मात्र पत्र संपताच उठून गेलीस. ठीक आहे. निदान संपेपर्यंत तरी बसलीस.

करवत आली, गीता. कशी आली ते सांगतो, पण आपल्या विहारातल्या रामजी गुरुजींनी तुला आधीच काही कळवलं असेल तर ते अर्धंच खरं धर.

भंगारवाला येऊन ठेपला होता, म्हणून मी पुन्हा वाडीला गेलो. म्हटलं, निदान चाक फिरतं का ते तरी बघू. कुणी नव्हतं, म्हणून चाकाच्या आसात घासलेट ओतलं, वर एरंडेल सोडलं. चाक हललं नाही. मी कपाळावर हात मारून बाहेर येऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी हैबती भगतानं वाडीच्या वतीनं कौल लावला. चाकाला डावी-उजवीकडं एकेक ओली पाकळी चिकटवली. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी दाराबाहेर हाताची घडी घालून उभा. हात जोडले नाहीत, हे गुरुजींना शपथेवर सांगितलं आहे.

पाकळ्या काही हलेनात. ऊन चढलं, हैबतीला डुलकी लागली. तेवढ्यात रखमानं आपला नवसाचा नारळ आणला आणि चाकाच्या उजव्या आऱ्याला बांधला. इकडं आसात घासलेट रात्रभर मुरलेलं! चाकानं एक हुंकार दिला आणि उजवीकडं वळायला लागलं. हळूच, एखाद्या म्हाताऱ्यानं कूस बदलावी तसं.

'उठला! द्येव उठला!' रावजी ओरडला. 'आरं, पाकळीनं नाय सांगितलं, सोता सांगितलं. निघाला तो!'

मी म्हटलं, 'अहो, घासलेट...' पण माझं ऐकतो कोण? जो माणूस कालपरवापर्यंत मला हात लावू देत नव्हता, तोच आज ट्रक कुठाय म्हणून माझ्यावर खेकसायला लागला. कोळशाच्या ट्रकात करवत चढवली. पाठोपाठ ढोल चढले, सनई चढली, निम्मी वाडी चढली. मी ड्रायव्हरजवळ अंग चोरून बसलो.

आता ज्या गोष्टीला मी मघापासून बगल देतोय ती सांगतो. ती मिरवणूक वाजतगाजत थेट आपल्या बौद्धवाडीच्या तोंडाशी आली.

रामजी गुरुजी आडवे उभे. मागं सगळी विहार समिती.

'श्रीपत, हे काय आणलंस?'

'करवत, गुरुजी.'

'करवतीला हार?'

'त्यांनी घातला.'

'आणि शेंदूर?'

'तोही त्यांचाच.'

गुरुजींनी चष्मा पुसला आणि निकाल दिला. 'वाडीत मशीन येईल, देव येणार नाही. नदीवर ने. शेंदराचा कण राहता कामा नये.'

म्हणजे आता मारामारी होणार, असं मी धरूनच चाललो. नदीवर ट्रक उभा केला आणि चाचरत सांगितलं, 'रावजी, हिला घासावं लागेल.'

रावजी खूश! 'मंग? परवासानं मळलाय. अंगूळ नको व्हय?'

आणि गीता, तू हवी होतीस बघायला. एका बाजूनं आपली माणसं देव काढायला घासतायत, दुसऱ्या बाजूनं ती माणसं देवाला न्हाऊ घालायला घासतायत. नारळाच्या शेंड्या त्यांच्या, राख आपली, घागरी आणि तांबे तुझे. गुरुजी धोतर खोचून म्हणतात, 'इथं राहिलाय अजून,' आणि रखमा म्हणते, 'व्हय रं बाबा, कानामागं ऱ्हायलाय!' इतक्या एकदिलानं काम झालेलं मी कारखान्यातसुद्धा पाहिलं नाही.

शेंदूर निघाला आणि खाली बघतो तर गंजाचा ठिपका नाही. लोखंडाला गंज लागू नये म्हणून कारखान्यात लाल शेंदरी रंगाचा हात देतात ना, तेच काम या लोकांनी दर दसऱ्याला तेलात कालवून केलं होतं. देव केला नसता तर करवत कधीच मातीत गेली असती. मला खरंच भरून आलं. मी गुरुजींना तसं सांगितलं. ते म्हणाले, 'कळलं. पण पुढच्या वेळी रंग लाव.'

करवत सध्या अंगणात आहे. घरात नाही. हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

श्रीपत


बौद्धवाडी, पोलादपूर
ता. २४ मे १९८१

गीता,

आज खुशाली विचारत नाही. सरळ मुद्द्यावर येतो.

महाडच्या एका बंद भातगिरणीतलं तेलाचं इंजिन मिळालं. पातं माझा कारखान्यातला सोबती सहदेव यानं धाडलं. चाकांचा तोल साधताना माझी तिन्ही त्रिकाळ उपासमार झाली, पण गेल्या आठवड्यात करवत चालली. आवाज असा, की गुरुजींनी विहारातलं प्रवचन थांबवलं आणि स्वतःच बघायला आले.

चाकोबा कसा नांदतो ते बघायला रावजी आणि रखमा आले होते. मी त्यांच्या वाडीचा शिवणीच्या लाकडाचा एक ओंडका त्यांच्यासमोर चिरून दिला. रखमा बघतच राहिली. म्हणाली, 'तितं नुसता बसून खात व्हता. आता कसा कामाला लागला!' देव कमावता झाल्याचा एवढा आनंद मी कुणाच्या तोंडावर पाहिला नव्हता. दोघांनी पिशवीभर नारळ ठेवले. नको म्हटलं तर म्हणाले, 'द्येवाला नाय, तुला.'

मग रखमा पाणी प्यायला आत गेली. जमिनीवरची भांडी बघितली, करपलेलं पातेलं बघितलं, आणि बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

'घरधनीन कुठं हाय रे?'

'मुंबईला. भावाकडं.'

'कदी येनार?'

'तिचं ती ठरवील.'

'तू इचारलास?'

मी करवतीचं चाक पुसायला लागलो.

तर ही म्हातारी मला म्हणते, 'अरे मुडद्या! मेल्या लोकंडाला तेल घालून घालून हलवलास, आन् जित्या बायकोला दोन शबूद घालाया तुजी जीब गंजली?'

सगळ्या अंगणासमोर, गीता. गुरुजीसुद्धा मान डोलवत होते. 

म्हणून ऐक. लेथ स्वयंपाकघरातून काढली. अंगणात पत्र्याची शेड घातली, दोन्ही मशीनं तिथं. करवतीवर घरासाठी पहिली फळी चिरली ती तुझ्या मांडणीची. सागवानच, लेथच्या बैठकीचं नाही, नवं. मांडणी भिंतीला उभी आहे. गुरुजींच्या बायकोनं भांडी लावून द्यायला येते म्हटलं, मी नको म्हटलं. कुठला डबा कुठं, कुठली घागर कुणाच्या शेजारी, ते तुझ्या हाताला ठाऊक. मांडणी रिकामी आहे. मी सकाळी चहा घेतो तो तिच्याकडे बघत, आणि चहा गार होतो.

सोमाभाऊ, इथं थांबा. जिन्यातल्या लोकांना आत बोलवा. आता उठून उभे राहा, आणि जलशात शेवटच्या रांगेला ऐकू जायचा तसा आवाज लावा. लाजायचं असेल ते मी इथं लाजतो.

गीता, मला तुझ्यावाचून करमत नाही. मांडणी मोडली ते माझं चुकलं. पाऊस लागायच्या आत घरी येतेस का? मी विचारतोय. आजवर कुणालाच विचारलं नाही, तुला विचारतोय.

एस.टी. स्टँडवर मी रोज संध्याकाळच्या गाडीला उभा असतो. आजपासून नाही, तू गेलीस तेव्हापासून.

(हेही मोठ्यानं वाचा, सोमाभाऊ)
तुझाच,
श्रीपत