आईच्या हाताजोगं पिस्तूल

३ मार्च, मंगळवार

टेरीनं आईसाठी पिस्तूल आणलं. मला न विचारता! तीस वर्षं मी बंदुका दुरुस्त करतोय, या डोंगरातली निम्मी माणसं माझ्या शेडमध्ये येतात, आणि माझ्या आईचं पिस्तूल माझा मेहुणा हायवेवरच्या दुकानातून उचलून आणतो. जांभळ्या मुठीचं. बायकांना रंग आवडतो म्हणे.

पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर, वजन तेरा औंस. आईनं गोठ्यामागं जाऊन एक गोळी झाडली. अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी फाटली, पिस्तूल चिखलात. शहात्तर वर्षांचा हात तो, संधिवातानं बोटं वाकलेली. टेरी फोनवर म्हणतो, हलकं होतं म्हणून घेतलं. अरे गाढवा, हलकं म्हणूनच आपटतं! गोळीचा झटका कुठंतरी जायला हवा. लोखंडात मुरला नाही तर मनगटात शिरतो. हे मला कुठल्या कॉलेजनं शिकवलं नाही. मी अकरावीत शाळा सोडली.

४ मार्च, बुधवार

बहिणीचा फोन. रोंडाचं म्हणणं तेच — आईच्या रस्त्यावर नाताळपासून दोन घरं फुटली, शेजार पाऊण मैलावर, आईनं आता शहरातल्या वृद्धांच्या वसाहतीत जावं. खोली बघूनही ठेवलीय. ईस्टरपर्यंत मुदत दिलीय आईला. तोवर आई स्वतःचं रक्षण करू शकते हे दिसलं तर ठीक, नाहीतर सामान बांधायचं.

मुदत देणारी ही कोण? ज्या घराचं छप्पर मी आणि बाबांनी घातलं, त्या घरातून आईला उठवायला ही तीन तासांवरून फोन करते.

मी सांगितलं, पिस्तूल मी निवडीन. ती म्हणाली, "निवड, क्लेट. तुला तेवढंच येतं."

५ मार्च, गुरुवार

जांभळं परत करायला गेलो. काउंटरवर दाढीवाला, पंचविशीचा. आजींना रिव्हॉल्व्हरच बरं काका, त्यात काही अडकत नाही, असं मला समजावत होता. मला! चाप ओढायला किती जोर लागतो, विचारलं. म्हणाला, सोपाय. मी खिशातून मासे तोलायचा ताणकाटा काढला आणि त्याच्यासमोर लावला. बारा पौंड. सोपाय!

वापरलेला माल परत घेत नाही म्हणाला. एक गोळी झाडलेली. तिथं आणखी बोललो असतो तर हात उचलला असता. निघून आलो.

७ मार्च, शनिवार

आईकडे. चुलीवर घेवडा शिजत होता, भट्टीत मक्याची भाकर. ताणकाटा टेबलाच्या पायाला बांधला आणि एकेक बोट मोजलं. उजवी तर्जनी सात पौंड. डावी पाच, तेही दात-ओठ खाऊन. चिमटीत काही जोर नाही, पण तळव्यानं ढकलायला लावलं तर चौदा! म्हणजे ताकद आहे, फक्त बोटांत नाही.

सगळं वहीत लिहून घेतलं. आई म्हणाली, "लग्नाआधी तुझ्या बापानं माझं एवढं बघितलं नव्हतं."

तर असं पिस्तूल हवं: चाप सहा पौंडांच्या आत. वजन अठरा औंसांच्या वर, बावीसच्या खाली, कारण ते तिच्या पर्समध्ये राहणार. पर्समध्ये त्याला वेगळा कप्पा, चाप झाकणारं म्यान, त्या कप्प्यात दुसरं काही नाही — लिपस्टिकसुद्धा नाही. आणि गोळी नळीत चढवायला मागं ओढतात तो वरचा सरकता भाग, स्लाइड, असा मऊ की चिमटीनं ओढायला नको. स्लाइड डाव्या तळव्यात धरायची आणि उजव्या हातानं पिस्तूलच पुढं ढकलायचं. हे पुस्तकात नाही. मी शोधलंय.

८ मार्च, रविवार

चर्चबाहेर सगळेच पंडित. पाद्रीबाबांनीसुद्धा विजार वर करून घोट्याचं पिस्तूल दाखवलं. आईला एकानंही विचारलं नाही, तुझा हात कसा आहे.

१२ मार्च, गुरुवार

मिळालं. दीड तास गाडी हाकली, पण मिळालं. विकणारी म्हातारी स्वतः संधिवाताची. तिनं आधी माझा हात बघायला मागितला, मग आईचे आकडे मागितले. पहिलं शहाणं माणूस! साडेअठरा औंस. चाप पाच पौंड — मी तीनदा मोजला. मॅगझिनला, म्हणजे गोळ्यांच्या डबीला, बाजूनं बटण आहे, ते दाबलं की गोळ्या भरायला अंगठा दुखत नाही. गोळी लहान, झटका मनगटाला सोसेल असा.

आईनं टेबलावर रिकामं पिस्तूल माझ्या पद्धतीनं ढकललं. तीन वेळा. तिन्ही वेळा स्लाइड उघडली. ती हसली नाही, नुसती मान हलवली, पण मान ताठ होती.

१४ मार्च, शनिवार

नीट लिहायला हवं. राग आहे अजून.

आईला पर्विसबाईंच्या मैदानावर नेलं. बाई पूर्वी शेरीफकडे होत्या, आता पिस्तूल शिकवतात. कानांवर आवाज अडवणाऱ्या टोप्या लावून आईनं चाळीस गोळ्या झाडल्या. सात यार्डांवरून एकतीस ताटाएवढ्या वर्तुळात. एकदाही अडकलं नाही. हात शाबूत. मी रोंडाला पाठवायला फोटो काढला.

मग बाईंनी पिस्तूल रिकामं करून कुलपात ठेवलं. आई टोप्या काढून बाकावर पाठमोरी बसली, पर्समधला कप्पा मिटत होती. बाई तिच्या मागं दहा पावलांवर गेल्या आणि तिला नावानं हाक मारली, ओलेटाबाई. आई पर्सच बघत होती. बाईंनी खडीवर बूट घासले. टाळी वाजवली. शेडचं पत्र्याचं दार उघडून धाडकन लावलं. मला छातीत जाणवलं. आई तशीच!

बाई माझ्याकडे आल्या. हळूच म्हणाल्या, "पिस्तूल उत्तम निवडलंत. पण माणूस घरात शिरलेला हिला कळणार कधी?"

मी बोललो. नको ते बोललो. तुम्हाला शिकवायचे पैसे दिलेत, माझ्या आईला नापास करायचे नाहीत, असं काहीतरी. बाई ऐकून घेत राहिल्या, त्याचाच जास्त राग आला. गाडीत आईनं विचारलं, काय म्हणत होती ती? मी सांगितलं, तुझं कौतुक.

१५ मार्च, रविवार

सात पौंड, पाच पौंड, चौदा पौंड. अर्ध्या पौंडाचा फरक पकडतो मी. दर शनिवारी समोर बसून जेवतो, आणि ती ओठ बघून उत्तर देते हे मला दिसलं नाही.

१७ मार्च, मंगळवार

उपाय आहे. असणारच. पायरीखाली दाबाची पट्टी, तिच्यावर पाय पडला की स्वयंपाकघरातला आणि बिछान्याजवळचा दिवा लागेल. तशीच मागच्या दारालाही. रात्री उशाशी थरथरणारी चकती. तारा आणल्या. ईस्टर पाच एप्रिलला. रोंडाला एक शब्द सांगायचा नाही.

१९ मार्च, गुरुवार

शेडमध्ये पट्टी करून बघितली. मांजर गेलं तरी दिवा लागतो! पुन्हा सगळं खोललं.

२१ मार्च, शनिवार

आईकडे तारा घेऊन गेलो. मागच्या दारापासून सुरुवात केली. ती भांडी विसळत होती. म्हणाली, तिथं कशाला खपतोयस? म्हटलं, कुणी आलं तर तुला दिसावं म्हणून.

नळ बंद केला तिनं. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली, तोंड दिसेल अशी.

"ते येऊन गेलेत, क्लेट. जानेवारीत. भर दुपारी. मी इथंच, चुलीपाशी उभी होते. नंतर मी हॉलमध्ये आले तर चिखलाच्या बुटांचे ठसे थेट झोपायच्या खोलीपर्यंत, आणि तुझ्या बापाचं घड्याळ नाही. ठसे दोन मापांचे होते. मी फडक्यानं पुसून काढले."

म्हटलं, मग तेव्हाच का नाही सांगितलंस?

ती म्हणाली, "आता सांगतेय ना. रोंडाला फोन लाव. ती खोली अजून आहे का विचार. तूच बोल, मला फोनवर ऐकू येत नाही."