बारा आट्यांचा बोल्ट

अन् बाबा, तो गिअरबॉक्स माह्या हातानं पडला नव्हता. आठ वर्षं झाली तुमाले जाऊन, तरी हे भांडण मिटलं असं मी समजत नाही. माणूस मेला म्हणून खरा ठरत नाही. अकोटच्या रस्त्यावर, भर दुपारी, भागीदार काकासमोर अन् चार हमालांसमोर तुमी म्हणलं, "या पोट्ट्याच्या हाताले अक्कल नाही. हा लोखंडाच्या कामाचा नाही. याले जिनिंगमधी बोजे उचलाले लावा." ते मी अजून जसंच्या तसं ऐकून राहिलो, इथं आसामात, जिथं मराठी बोलणारा दुसरा माणूस नाही.

तुमची कारागिरी मी नाकारत नाही. जंग चढलेला बोल्ट काढावा तर तुमीच. लढाईतला तो अमेरिकी ट्रक तुमी लिलावात भागीदारीत घेतला तेव्हा त्याच्या पोटाखाली लोखंड कमी अन् जंग जास्त होता. गिअरबॉक्सचे सहा बोल्ट, त्यातल्या चारांची डोकी आधीच्या कोण्या अडाण्यानं पान्हा घसरवून घसरवून गोल केलेली. तुमी रॉकेलमधी भिजवलेल्या चिंध्या एकेका डोक्याभोवती गुंडाळल्या अन् दोन दिवस हात लावू दिला नाही. मी कुरकुर केली तं म्हणलं, "जंगाले घाई नव्हती, तुले काहून हाय?" तिसऱ्या दिवशी ब्लो लॅम्पनं भोवतालचं बीडाचं लोखंड तापवलं. मी पान्हा सोडाच्या अंगानं फिरवाले गेलो तं तुमी हातावर फटका मारला. "आधी आवळ. जरासाच आवळ. कर्र वाजलं का मंग सोड." आवळलं, अन् खरंच वाजलं. गोल डोक्यांवर तुमी छिन्नीनं खाच पाडली अन् तिरपे घाव घालत त्याईले उलटं फिरवलं. एक मोडला, तो बर्म्यानं पोखरून काढला. सहाही निघाले. त्या दिवशी मी गावभर सांगत फिरलो का माह्या बापासारखा मिस्त्री वऱ्हाडात नाही.

नवे बोल्ट तुमी अकोल्याच्या भंगारातून आणले. अर्धा इंची, तेल लावलेले, नवेकोरे दिसणारे. मले म्हणलं, लाव. पहिला बोल्ट तीन आटे बोटानं गेला अन् चौथ्यावर अडला. मी म्हणलं, "बाबा, हा अडून राहिला."

"मंग पान्हा कायले देल्ला तुले? सकायी जेवला नाही का?"

भागीदार काका बिडी ओढत बसले होते. "पोट्टं वरणभाताचं हाय," म्हणे, "त्याले झुणका खाऊ घाल." तुमीही हसले. मी पान्ह्याले लोखंडी नळी लावली अन् तिच्यावर लटकलो. सहाही बसले. बसले म्हणजे काय, भोकातले आटे कापत कापत आत गेले, हे मले आता समजते.

दिवाळीनंतर कापसाची पहिलीच खेप. अकोट दोन मैलावर राहिलं अन् खालून असा आवाज आला का बैलगाडीवाले रस्ता सोडून वावरात उतरले. गिअरबॉक्स लोंबत होता, बोल्ट रस्त्यावर पडले होते, अन् त्याईच्या अंगाले आतले आटे सोलून आले होते. कापसाचा सीझन गेला, काका वेगळे झाले. अन् दोष माह्या हाताचा.

दुसऱ्या दिवशी मी काय पायलं ते सांगतो. तुमाले वाटलं मी आईपाशी आहे. तुमी ट्रकच्या पायरीवर बसले होते. एका हातात जुना, जंगाचा बोल्ट, दुसऱ्यात अकोल्याचा. दोन्हींचे आटे एकमेकांले लावून तुमी उजेडाकडं धरले. लय वेळ धरले. मंग जुना बोल्ट खिशात टाकला अन् जेवाले आले. मले तेव्हा काय समजणार, सोळा वर्षांचा, चौथी नापास.

मागल्या महिन्यात इथल्या म्हाताऱ्या सरदारजी मिस्त्रीनं अगदी तसंच केलं. इथं रस्त्याच्या कामावर लढाईतले तसलेच ट्रक आहेत. मी एका बोल्टावर जोर करून राहिलो होतो, तं त्यानं पान्हाच काढून घेतला. "जोर बाद में लगाना. पहले चूड़ी गिन." चूड़ी म्हणजे आटे. जुना अन् नवा बोल्ट एकमेकांले लावून त्यानं वर धरले. मधून उजेड दिसला. इंग्रजी बोल्टाले इंचात बारा आटे, अमेरिकी बोल्टाले तेरा. जाडी तीच. ट्रक अमेरिकी, अन् तुमी आणले ते इंग्रजी. तीन आटे फसवते, मंग भोक खाते. मी विचारलं, "कोई मिस्त्री ऐसे मिला के देखे, तो उसको समझेगा?" तो म्हणे, "अंधा हो तो नहीं समझेगा." मी काम टाकून नदीपर्यंत चालत गेलो.

तुमी आंधळे नव्हते. तुमाले समजलं होतं, अन् तरी त्याच आठवड्यात मले जिनिंगमधी धाडलं. "बोल्ट मीच चुकीचे आणले," एवढं घरात, दार लावून म्हणलं असतं तरी मी गाव सोडलं नसतं. तुमी गेल्याची तार मले इथं चार दिवसांनी भेटली. तोवर धाकट्या भावानं अग्नी देऊन सगळं उरकलं होतं, तेरा वर्षांच्या पोरानं.

आता त्याच धाकट्याचं पत्र आलं, गावच्या मास्तराच्या हातचं. ट्रक तुमी गेल्यापासून चिंचेखाली उभाच आहे, त्याले तो चालू कराचा आहे. शेंदूरजनाघाटचा संत्रा अमरावतीले न्यायचा म्हणते. त्या खेपेनंतर तुमी ठोकून बसवलेले बोल्ट निघून नाही राहिले. "बाबा काय करत, तुले आठवते का?" असं मले विचारते. मले, ज्याच्या हाताले अक्कल नाही. मी त्याले सगळं लिवलं. रॉकेल, दोन दिवस, ब्लो लॅम्पचा ताव, आधी आवळ मंग सोड. तुमच्याच शब्दांत लिवलं, दुसरे शब्द मले येत नाहीत, याचाही राग आला. मंग लिवलं का भोकं मोठी करून नवे आटे पाडून घे, बोल्ट लेथवर बनवून घे, अन् लावाच्या आधी आटे मोज. चुकीचे कोणं आणले ते लिवलं नाही. माह्यं पत्र मास्तर ओसरीवर मोठ्यानं वाचतात अन् आई ऐकते. तिच्यासाठी सोडलं. तुमच्यासाठी नाही.

हे पत्र मात्र कोण्या मास्तराच्या हाती जाणार नाही, म्हणून इथं लिवतो. दुसऱ्या बोल्टापासून भोकाच्या तोंडाशी लोखंडाचा चमकता चुरा येऊन राहिला होता. मी तो फडक्यानं पुसला, पाचही वेळा पुसला, अन् तुमाले दाखवला नाही, काका पुन्हा हसतील म्हणून. तेवढं माह्याकडं निघते. बाकीचं तुमचंच आहे अन् ते मी सोडणार नाही. लेथवाल्याचे अन् बोल्टांचे म्हणून धाकट्याले आज मनीऑर्डर करून राहिलो, पंचावन्न रुपये.