शिवलेली पानं

प्रिय आजी,

तू गेल्यापासून बाबा आणि रादोये काका एकमेकांशी बोलत नव्हते. बाग वाटून घ्यायची म्हणून काकांनी मोजणीला मलाच बोलावलं, घरातली मोजणीदार मीच ना. नकाशा पूर्ण आहे, चूक नाही.

आज तुझ्या चाळिसाव्या दिवसाचे, तुझ्या आठवणीत शिजवलेले गोड गहू खाल्ले, आलुबुखारांची कढई चुलीवर चढवली आणि बाबांनी तुझी कादंबरी काढली. दर मुरंब्याला तू वाचायचीस तीच. मधली अकरा पानं तू शिवून टाकली होतीस. मी टाके उसवले. तुझ्या वाचनात शेवटपर्यंत स्वयंपाक करणारी कादंबरीतली आई तिथे मरते. मग तिचे दोघे मुलगे बागेत कुंपण घालतात आणि पुन्हा कधी बोलत नाहीत.

बाबा वाचता वाचता थांबले.

"चाळीस वर्षं फसवलं रे दादा म्हातारीने," काका म्हणाले.

"तुला फसवायला अकरा पानं कशाला? एक पुरलं असतं."

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. बाबांनी पाठीत गुद्दे घातले, जरा जास्तच. मग काकांनी माझ्याकडून नकाशा मागून घेतला आणि चुलीत सारला. मीही हसले.

मुरंबा थोडा लागला आहे. पुढच्या वर्षी वाचायची पाळी काकांची, म्हणून पानं मी पुन्हा शिवली आहेत, तुझ्याच टाक्यांच्या भोकांतून.

तुझी,
कोसारा