बेकरी, तराजू आणि मैद्याच्या कपाबाबत

मी, खाली सही करणारी, बेकरीची मालकीण, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता करून ठेवीत आहे. माझी शुद्ध डॉक्टरांनी तपासली. ते मुलाच्या ओळखीचे निघाले, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांचाही दाखला आणला. दोन्ही सोबत जोडले आहेत. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते कपाटातून काढून कोणीतरी वाचले होते. घडी उलटी होती.

१. बेकरीवरची राहती खोली आणि बँकेतली शिल्लक माझ्या मुलास. खोली विकायची झाल्यास ती माझ्या दिरास विकू नये.

२. दिरास काही नाही. त्याची बेकरी समोरच आहे. माझे यजमान गेल्यावर तो सांत्वनाला यायचा. "वहिनी, बसा जरा, दमला असाल," म्हणायचा आणि डोळे तराजूच्या आकड्यांवर. मी तराजूवर फडकं टाकलं की कावराबावरा व्हायचा. चोराच्या मनात चांदणं! म्हणून तराजू कुलपात घातला आणि सगळ्या कृती वजनावरून कपावर आणल्या. आकडा कोणीही वाचतो, पण कप कसा भरला हे सांगितल्याशिवाय कळत नाही. दाबून भरलेल्या आणि चाळून भरलेल्या एका कप मैद्यात चांगला मूठभर फरक पडतो.

३. भट्टीवर मी एकटीच असे. तरी मुलाने आणि सुनेने वेगवेगळं येऊन माप विचारलं, तेव्हाच मी सावध झाले. मुलाला सांगितलं, कप पिठात बुडव आणि अंगठ्याने दाबून भर. सुनेला सांगितलं, चाळणीतून अलगद पडेल तेवढंच घे. दोन्ही खोटं. पहिल्याने केक कोरडा आणि दडस होतो, दुसऱ्याने मधोमध बसतो. आमचा केक समोरच्या काचेत दिसला की कापून बघायचा, घरचा भेदी आपोआप कळेल. संशय अर्थातच सुनेवर होता. कमी बोलणारी, आतल्या गाठीची.

४. मागच्या हिवाळ्यात तो केक समोर आला. शेजारच्या शिंप्याकरवी मागवला. कोरडा, दडस, चहात बुडवला तरी ढिम्म. मुलाला धारेवर धरलं.

"अगं आई, काकाच आहे तो. बोलता बोलता सहज निघून गेलं."

सहज म्हणे! काकाने नवी मोटारसायकलही सहजच दिली असेल.

५. पुढे मी अंथरुणाला खिळले आणि भट्टी सुनेकडे गेली. मी वरच्या खोलीत पडून केक बसण्याची वाट बघत होते. तो बसला नाही. अगदी माझ्यासारखा झाला. मला वाटलं, हिने तराजूची किल्ली लंपास केली. किल्ली माझ्या उशाखालीच होती. शेवटी विचारलंच.

"मी सांगितलं तसं माप घेत नाहीस तू?"

"नाही, आई. तुम्ही स्वतः तसं घेत नाही. मी मागे भांडी घासताना तुमचे हात बघायचे." (पुढे तिने खरं माप अचूक सांगितलं. हा कागद मुलगाही वाचणार, म्हणून ते इथे लिहीत नाही.)

"म्हणजे मी खोटं सांगितलं हे तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, विश्वास बसला की सांगतील."

मी भिंतीकडे तोंड करून रडले. तिला दिसलं असेल, तिचा काय नेम.

६. बेकरी, भट्टी, तराजू आणि सगळे कप सुनेस, तिच्या एकटीच्या नावे. मुलाला गल्ल्यावर बसायचं असल्यास तिची परवानगी घ्यावी. दिराने वाद काढल्यास त्याला त्याचाच केक खायला द्यावा.

७. काल सुनेला दार लावून जवळ बोलावलं आणि खरं माप माझ्या तोंडाने सांगितलं. तिला ते सगळं येत होतं. तरी माझं बोलणं संपेपर्यंत ती हात धरून ऐकत बसली.

या कागदावर मी दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली आहे. त्यांना यातून काहीही मिळत नाही, याची मी खात्री करून घेतली आहे.

सही: बेकरीची मालकीण
साक्षीदार: १. शेजारचा शिंपी २. निवृत्त पोस्टमास्तर
ठिकाण: बेकरीवरची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी