फॉरमॅट मारायचं नाही

९ जानेवारी २००३, गुरुवार

नाही म्हणजे नाही! फॉरमॅट मारायचं नाही. आज जेवताना संकेतला पुन्हा एकदा बजावलं.

"आई, विंडोजच सडलंय. तू किती झाडलोट करणार? सगळं पुसून नव्याने टाकू, बघ कसं पळतं." सॉफ्टवेअर कंपनीत लागल्यापासून आमच्या चिरंजीवांना प्रत्येक दुखण्यावर एकच औषध सुचतं — पुसून टाका!

मशीन माझं आहे. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा बरोबरच्या बायकांनी बांगड्या केल्या, मी कॉम्प्युटर घेतला. मराठी टायपिंगची कामं घेते. त्याची मालकीण मी, डॉक्टर मी आणि झाडूवालीही मीच.

आज गुरुवार, म्हणून देखभालीची सीडी चालवली. एकाच सीडीत सगळं आहे — कचरा काढणारं, डिस्क तपासणारं, व्हायरस शोधणारं, चुकून पुसलेलं परत आणणारंसुद्धा. मला सगळ्यात आवडतं ते डीफ्रॅग. एकाच फायलीचे तुकडे डिस्कवर कुठे कुठे पडलेले असतात, ते गोळा करून एकमेकांना लागून मांडतं. पडद्यावर रंगीत चौकोन सरकत राहतात. बघत बसावंसं वाटतं.

हे म्हणाले, "रिकामपणाचे उद्योग." म्हणू देत!

११ जानेवारी

रेजिना येऊन गेली. ती कॉलेजात भूगोल शिकवते, पीएचडी करतेय. तिचा प्रबंध मी टाइप करते. विषय बावखलं — वसईच्या वाड्यांमधली गोड्या पाण्याची तळी. आता एकेक बुजवून वर इमारती उठतायत. आमची विरारची बिल्डिंग कशावर उभी आहे, विचारायला नको!

"सुनंदाताई, ज्या म्हाताऱ्यांशी बोलले ना, त्यातली निम्मी माणसं आता नाहीत," म्हणाली.

तिच्या हस्तलिखितापासून आम्ही कुठच्या कुठे आलोय. ती शेजारी बसून सांगते, मी थेट मशीनवर बदलते. पहिली प्रकरणं फ्लॉपीवर घेतली आहेत. पुढच्या प्रकरणांत नकाशे आणि फोटो, ती फ्लॉपीत मावतच नाहीत. महिनाअखेरीला प्रबंध द्यायचाय. मुदत आधीच एकदा वाढवून घेतलेली.

होईल. मी आहे ना!

१४ जानेवारी, संक्रांत

स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. बाहेर हे संकेतला सांगत होते — "तुझी आई रिटायर झाली असं मला वाटलं होतं. आधी बँकेत असायची, आता त्या डब्यापुढे असते. फरक काय पडला?" दोघंही हसले.

मी पोळ्या केल्या. त्या वाढल्या. मग डब्यापुढे जाऊन बसले.

१६ जानेवारी, गुरुवार

डीफ्रॅग चालू असताना दिवे गेले. आल्यावर पुन्हा पहिल्यापासून लावलं. पूर्ण करूनच उठले.

१९ जानेवारी, रविवार

 झालं ते सगळं लिहून ठेवते.

दुपारी आगाशीला गेले होते — धाकटी बहीण सरला, तिच्याकडे हळदीकुंकू. परत आले तर संकेत माझ्या खुर्चीत. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. झटपट फॉरमॅट पूर्ण झाल्याचं कळवणारी! हातात विंडोजची सीडी.

"झालं आई, आता फक्त —"

मी भिंतीतला प्लग उपटला.

"अगं! तुझं सगळं ठेवलंय मी. माय डॉक्युमेंट्स माझ्या सीडीवर घेतलं आधीच."

माझं काम तिथे नसतंच. मी 'काम' नावाचं वेगळं फोल्डर केलेलं आहे. तसं सांगितलं. त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"रेजिनामॅडमचं...? आई, पण मला तर —"

"एक शब्द नको. एकही नको! आणि ह्याला आता कुणी हात लावायचा नाही."

हे आतून आले. "जाऊ दे ना सुनंदा. मुलाने काय मुद्दाम केलं? गेलं ते गेलं." स्वतः चहा करून आणून दिला. लग्नानंतर किती वेळा दिला असेल? प्यायले नाही.

२० जानेवारी

सकाळी रेजिनाला फोन केला. आडपडदा न ठेवता सांगितलं.  ती म्हणाली, "मी उद्या रजा टाकून येते. तुम्ही रडू नका, ताई."

मी रडत नव्हते! संतापले होते.

स्टेशनजवळच्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेले. "भूल जाओ, आंटी. फॉरमॅट म्हणजे खल्लास." कोण आंटी! घरी येऊन सीडीबरोबरची पुस्तिका काढली. इंग्रजी बारीक टाइप, चष्मा नाकावर. त्यात चक्क वेगळंच लिहिलंय — झटपट फॉरमॅट मारलं की फक्त अनुक्रमणिका पुसली जाते. पानं जागेवर असतात. मात्र त्या डिस्कवर नवीन काहीही लिहायचं नाही. विंडोजसुद्धा टाकायचं नाही!

म्हणजे प्लग उपटला ते बरोबर केलं.

पुन्हा त्याच दुकानात गेले. सापडलेल्या फायली ठेवायला एक जुनी हार्डडिस्क मागितली. मान हलवत दिली त्याने.

२१ जानेवारी

रेजिना आली, वाडीतल्या केळ्यांची फणी घेऊन. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडली नाही.

मशीनचं कॅबिनेट उघडलं. धूळ काढायला नेहमी उघडतेच, आतली घरं ओळखीची आहेत. दुसरी डिस्क जोडली — मशीनला ती दिसेचना! केबल काढली, लावली. काही नाही.

संकेत ऑफिसला निघाला होता. दारातच थांबला. भिंतीकडे बघत म्हणाला, "दुसऱ्या डिस्कचा जम्परही मास्टरवर असेल, दोन्ही स्वतःला मुख्य समजतायत. मागची ती छोटी टोपी काढून स्लेव्हवर, म्हणजे दुय्यमवर, लावायची."

मी पाठ फिरवली. टोपी मात्र काढून लावली. दिसली!

मग मशीन देखभालीच्या सीडीवरूनच चालू केलं आणि फायलींचा शोध सुरू केला. रेजिना जपाची माळ हातात घेऊन बसली. मी नुसती बसले.

२२ जानेवारी

सापडलं! फोल्डरचं नाव गेलंय — 'काम'च्या जागी काहीतरी नंबर. आतल्या फायलींची नावं जशीच्या तशी. चौथं प्रकरण उघडलं — अक्षर न् अक्षर! नकाशे, फोटो, सगळं. रेजिनाने मला मिठीच मारली.

पुस्तिकेत कारणही आहे. अनुक्रमणिका नसेल तर एकसलग मांडलेल्या फायलीच धड परत येतात. तुकड्यांत विखुरलेली फाइल गेलीच. म्हणजे माझं डीफ्रॅग! रिकामपणाचे उद्योग!!

ह्यांना सांगितलं. "बरं झालं," म्हणाले आणि पेपर उलटला.

शेवटचं प्रकरण मात्र नाही आलं. गुरुवारच्या डीफ्रॅगनंतर त्यावरच बसलो होतो आम्ही — त्याचे तुकडे झालेले. उघडलं तर नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं.

२५ जानेवारी

विंडोज मीच टाकलं. संकेत दोनदा खोलीत डोकावला. "आई, ऐक ना —" मी हात वर केला. गेला.

रेजिना रोज कॉलेज सुटल्यावर येते. शेवटचं प्रकरण आठवून आठवून सांगते. मध्येच मला थांबवलं — "ताई, 'पाणी' नको, 'पानी' लिहा. वाडीत भेटलेली ती आजी 'पानी'च म्हणाली होती. 'बावखल बुजवलं न् पानी रुसलं.'"

पहिल्या खेपेला हे वाक्य नव्हतं. आता आलं. पहिल्यापेक्षा हे प्रकरण चांगलं होतंय, दोघींनाही कळतंय. बोलत नाही, दृष्ट लागेल.

हे दोनदा विचारून गेले, "अजून किती दिवस?"

होईपर्यंत!

३० जानेवारी, गुरुवार

प्रिंट बाइंडिंगला गेल्या. संध्याकाळी देखभाल केली. गुरुवार चुकवायचा नाही.

३१ जानेवारी

रेजिनाचा फोन. "दिला, ताई! दिला!" आजूबाजूला बसचा गोंगाट. एसटीडी बूथमधून ओरडत होती. मीही ओरडले. शेजारच्या मेघनाने दार वाजवून विचारलं, काय झालं म्हणून.

२ फेब्रुवारी, रविवार

आज संकेतला समोर बसवलं. म्हटलं, बोल. काय बोलायचं होतं ते बोल.

"बाबा म्हणाले होते, आईला विचारलंय, ती हो म्हणालीय. ती आगाशीहून यायच्या आत उरकून टाक. आई, मला खरंच वाटलं तू हो म्हणालीस."

मग असंही म्हणाला, "बाबांनी सांगितलं, आता विषय वाढवू नकोस. म्हणून..."

बाहेर बातम्या लागल्यात. हे सोफ्यावर आहेत.

पेन ठेवते. जाऊन टीव्ही बंद करणार आहे. खुर्ची ओढून समोर बसणार आहे. आणि आज मी नाही बोलणार. ते बोलतील.